गोटा, नग एक

माझ्या सासऱ्यांनी चौतीस वर्षं जंगल राखलं, आणि त्यांच्या घरावर चोरीचा आळ आला तो झाडं नसलेल्या जंगलात, एका दगडापायी, आणि संपूर्णपणे माझ्यामुळे.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो आणि सासूबाईंना मामी. मामाजी सालेकशाच्या जंगलात वनरक्षक होते. माणूस असा कडक, की सख्ख्या मेव्हण्याची सागवानानं भरलेली बैलबंडी त्यांनी अडवली होती आणि बैलांसकट जप्त केली होती. (त्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. मामी अजूनही दिवाळीत माहेरचा विषय निघाला की भांडी जोरात ठेवतात.) नोकरीत ज्याला ज्याला पकडलं त्याचं नाव, गाव, माल आणि शेरा अशी एक जाडजूड वही त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवली आहे. निवृत्तीनंतर लोक पोथी वाचतात, मामाजी ती वही वाचतात.

तर अशा माणसानं एक दिवस जाहीर केलं, "मले राजस्थानात जायचं हाय. तिकडं वाळवंटात नॅशनल पार्क हाय म्हनते. झाडं नसलेलं जंगल कसं राखते, ते पाहाचं हाय मले."

मी ताबडतोब म्हणालो, "मी नेतो तुम्हाला!"

यात सासऱ्यांवरचं प्रेम होतंच, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मी अर्जुनी मोरगावला बावीस वर्षं भूगोल शिकवतोय आणि त्या बावीस वर्षांत वाळवंट फक्त फळ्यावर काढलंय. आमच्याकडे जिकडं पाहावं तिकडं धानाच्या बांध्या आणि तलाव. पोरांना वाळवंट समजवायचं तर मी कोरडा पडलेला तलाव दाखवतो, आणि त्यातही एखादी म्हैस लोळत असते. शिवाय त्या उद्यानात कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडली आहेत, वाऱ्यानं कोरलेले चित्रविचित्र खडक आहेत, असं मी वाचलं होतं. मला चार माणसांसमोर बोलायला इतका मोठा विषय आयुष्यात मिळाला नव्हता!

गोंदियाहून गाडी सुटली आणि मी सुरू झालो. वालुकाश्म, जीवाश्म, वाऱ्याचं खननकार्य! मामाजी खिडकीतून झाडं मोजत होते. मामी पिशवीतून चाराच्या बिया काढून स्टीलच्या डब्याच्या झाकणावर ठेवत होत्या आणि मी बोलता बोलता त्या फोडून चारोळ्या काढत होतो. माझी बायको शालू मोबाईलवर माझं चित्रण करत होती. मला वाटलं, बाईला कौतुक आहे! नंतर कळलं की ती 'झोप येत नसेल तर हे पाहा' असं लिहून ते बहिणींच्या ग्रुपवर टाकत होती.

दोन दिवसांनी आम्ही भाड्याची जीप करून उद्यानाच्या फाटकावर पोचलो. तिथं मोठ्या मिशांचे एक गार्डसाहेब टेबल टाकून बसले होते. समोर रजिस्टर. आत जाणाऱ्या प्रत्येक पिशवीत काय आहे ते विचारून लिहायचे.

"माताजी, थैली में क्या है?"

मामींना हिंदी समजतं सगळं, पण बोलताना त्या सालेकशाचंच बोलतात. म्हणाल्या, "लोनचं हाय, चटई हाय, अन् गोटा हाय."

"गोटा?" गार्डसाहेबांचा चेहरा खुलला. "अच्छा, अच्छा! बाजार से लिया?"

"नाही जी, घरून आनला."

"बहुत बढ़िया!" असं म्हणून त्यांनी रजिस्टरात लिहिलं: अचार, चटाई, गोटा.

आता इथं थोडं थांबून सांगायला हवं. आमच्याकडे गोटा म्हणजे दगड. आणि जंगलात शिरताना वेशीजवळ एक गोटा ठेवायचा, देवाला हात जोडायचे, की बापा, सगळ्यांना सुखरूप बाहेर येऊ दे, ही आमच्या बाजूची जुनी रीत. येणारे जाणारे ठेवत राहतात, त्याची चांगली कमरेएवढी रास होते. मामाजी नोकरीत असताना मामी रोज सकाळी त्यांच्या हातात डबा आणि गोटा बरोबरच द्यायच्या. त्यामुळे परक्या जंगलात जायचं म्हणताच मामींनी घरामागच्या नाल्यातला पेरूएवढा गोटा धुऊन पिशवीत टाकला होता. गोंदिया ते राजस्थान! वाळवंटात दगड मिळतो की नाही, काय भरवसा?

फाटकातून आत शिरताच मामी पिशवीत हात घालून म्हणाल्या, "जवाई, गाडी थांबवा जी. गोटा ठेवून येतो."

आणि मी, बावीस वर्षं भूगोल शिकवणारा, समोरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणालो, "मामी, काही ठेवायचं नाही! पाहा, लिहिलंय. आत काही टाकायचं नाही, बाहेर काही न्यायचं नाही. नियम म्हणजे नियम!"

"अजी, एक गोटा तं हाय."

"मामी, सुशिक्षित लोक आहोत आपण!"

मामाजींनी नियमाचं नाव ऐकताच मान डोलावली. मामींनी गोटा परत पिशवीत लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवला आणि हात न जोडताच आम्ही जंगलात शिरलो. मामी एवढंच म्हणाल्या, "पाहा बापा, तुम्हीच पाहा."

आतलं काय सांगू! एक खडक अगदी छत्रीसारखा, खाली बारीक दांडा आणि वर भलामोठा टोप. मी घसा साफ केला. "वारा जमिनीलगत वाळू घेऊन येतो, म्हणून खालचा भाग जास्त झिजतो..."

"हा तं सात्यावानी हाय!" मामी म्हणाल्या. (सात्या म्हणजे पावसाळ्यात आमच्या जंगलात उगवतात त्या अळंब्या.) "एवढ्या एका सात्याची भाजी साऱ्या गावाले पुरंन."

झालं, शास्त्र तिथंच संपलं. पुढचा खडक बसलेल्या उंटासारखा. त्याच्यापुढे लोखंडी जाळीत दगड झालेलं झाडाचं खोड. मामाजी जाळीला नाक लावून उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "घेर चांगला हाय. जात कोनती?"

"मामाजी, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं झाड आहे ते."

"म्हनजे पुरं वारलेलं हाय." मग जाळीला दोन फेऱ्या मारल्या. "पन तोडलं कोनं? बुडाशी खात्याचा शिक्का दिसून नाही राहिला."

"तोडलं नाही मामाजी, पडलं!"

"पडलं असं सारेच सांगते," मामाजी शांतपणे म्हणाले.

एकूण दिवस सुरेख गेला. दुपारी आम्ही फाटकावर परत आलो. बाहेर जाताना पुन्हा पिशव्या तपासत होते. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी बाटल्यांत पाणी भरून घेतो. पाण्याच्या टाकीशी मला पाच मिनिटं लागली. तेवढ्या पाच मिनिटांत काय झालं ते मला माहीत नव्हतं, हे कृपा करून लक्षात ठेवा. माझ्या बाजूनं बोलण्यासारखं एवढं एकच आहे.

मी आलो तर गार्डसाहेबांच्या हातात एक दगड. भोवती दहा-बारा प्रवासी. मला वाटलं, वा! जाता जाता पर्यटकांना नमुना दाखवतायत! तेवढ्यात ते म्हणाले, "यहाँ कोई जानकार है? बताए, ये क्या है?"

आता तुम्हीच सांगा, मी गप्प कसा राहणार?

"मी!" मी बाटलीसकट हात वर केला. "मैं भूगोल का शिक्षक हूँ!"

शालूनं डोळे मोठे केले. मला वाटलं, अभिमानानं. मी गर्दी सारून पुढे गेलो, दगड हातात घेतला, उन्हात धरला, फिरवला. त्याच्यावर बारीक रेघा होत्या.

"ये देखिए! वार्षिक वलय! पेड़ की उमर इसी से पता चलती है. ये सौ टका जीवाश्म है!"

"और ये भूरा-भूरा, चिपचिपा?"

"राळ! मतलब गोंद. प्राचीन पेड़ का गोंद!"

गार्डसाहेबांनी दगड नाकाशी नेला. "मास्टरजी, इसमें से मेथी की खुशबू आ रही है."

"आएगी ही!" मी म्हणालो. (देवा, माझी जीभ त्याच वेळी का नाही झडली!) "वनस्पती है ना! करोड़ों साल बाद भी सुगंध रहती है!"

शालू मागून माझा शर्ट ओढत होती. मी तिला म्हटलं, "थांब ना, समजावून राहिलो ना!"

"लिखकर देंगे?"

"क्यों नहीं!" आणि मी त्यांच्या कोऱ्या कागदावर हिंदीत लिहिलं की सदर दगड हा अतिप्राचीन वृक्षाचा अस्सल जीवाश्म आहे. खाली नाव, हुद्दा, तालुका, जिल्हा आणि माझी लफ्फेदार सही. वर तारीखसुद्धा टाकली. तारीख टाकायला मी कधी विसरत नाही.

गार्डसाहेबांनी कागद नीट घडी करून रजिस्टरात ठेवला, मिशांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "धन्यवाद मास्टरजी. अब बताइए, ये माताजी आपकी कौन लगती हैं? ये पत्थर इनकी थैली से निकला है."

हातातली बाटली कधी पडली ते कळलं नाही. पायावर पाणी सांडलं तेव्हा पाहिलं.

"जवाई," मामी म्हणाल्या, "काऊन असं लिहून देल्लं जी? आपला गोटा हाय न तो!"

गार्डसाहेबांनी रजिस्टर उघडलं. "हाँ, गोटा मैंने लिखा है. थैली में गोटा गया था. गोटा कहाँ है?"

"हाच तं गोटा!"

"माताजी, ये पत्थर है."

"पत्थरच तं गोटा!"

"गोटा अंदर गया और पत्थर बाहर आया, ये कैसे हो सकता है? गोटा तो गोटा होता है. साड़ी पर लगता है, लहंगे पर लगता है, चमकता है!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. राजस्थानात गोटा म्हणजे साडीची जरीची किनार! सकाळी मामींनी घरून दगड आणला असं सांगितलं आणि गार्डसाहेबांनी जरीची किनार लिहून घेतली. मी धावतपळत समजावायला लागलो, "साहब, हमारे झाडीपट्टी में गोटा मतलब पत्थर! ये मामूली नाले का पत्थर है!"

गार्डसाहेबांनी माझाच कागद माझ्यापुढे धरला. "मास्टरजी, पाँच मिनट पहले तो ये करोड़ों साल पुराना था."

मी बोलायचा बंद झालो. शालू म्हणते, लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं.

इतका वेळ मामाजी गाडीशी उभे होते. ते हळूहळू टेबलाजवळ आले. त्यांनी मामींकडे पाहिलं. "तूनं उचलला का?"

"नाही जी. शप्पथ. आपल्याच नाल्यातला हाय."

मामाजींचा मामींवर विश्वास होता, पण चौतीस वर्षांत त्यांनी पकडलेल्या प्रत्येकानं हेच सांगितलं होतं, 'साहेब, आपल्याच शेतातलं हाय.' आणि त्यांनी एकाचंही ऐकलं नव्हतं. ते गार्डसाहेबांना म्हणाले, "साहब, हम भी फॉरेस्ट के आदमी हैं. नियम सो नियम. पंचनामा करो. लेकिन नाम इसका मत लिखो. थैली मेरी है. मेरा नाम लिखो."

मामी एकदम रडायलाच लागल्या. आणि मला काय वाटलं ते मी कसं सांगू! ज्या माणसावर नोकरीभर एक ठपका नाही, ज्यानं मेव्हण्याला सोडलं नाही, तो माणूस म्हातारपणी वनगुन्ह्याच्या रजिस्टरात आपलं नाव घालायला सांगून राहिला होता, आणि पुरावा काय, तर माझी सही! जमीन दुभंगावी असं वाटलं. पण तिथं सगळी वाळूच, दुभंगणार काय!

गार्डसाहेब पंचनामा लिहायला बसले. मामाजी शेजारी उभे. दोन ओळी होत नाहीत तोच मामाजी म्हणाले, "ऐसा नहीं साहब. पहले माल का वर्णन. लंबाई, चौड़ाई, वजन, रंग. मोघम लिखोगे तो केस टिकेगी नहीं."

"मामाजी!" मी ओरडलो. "केस आपल्यावर आहे!"

"म्हनून का चुकीची लिहू देऊ?"

मोजपट्टी आली. तराजू आला. मामाजी सांगतायत, गार्डसाहेब लिहितायत, मध्येच विचारतायत, "बाबूजी, जप्ती पहले कि गवाह पहले?" मला तर वाटायला लागलं, हा माणूस आता स्वतःला बेड्या घालून घ्यायची बरोबर पद्धत दाखवेल! शेवटी मामाजी म्हणाले, "अब लिखो, माल पहले किसी ने देखा था क्या? कहाँ देखा, कब देखा? ये सवाल पूछना पड़ता है. मैं हर बार पूछता था."

"किसी ने देखा था?" गार्डसाहेबांनी विचारलं.

आणि शालू टाळी वाजवून उडालीच. "देखा था! साऱ्यांनी देखा था! गाडीत! चारोळ्या! अहो, तुम्ही चारोळ्या कशानं फोडून राहिले होते?"

मी म्हटलं, "दगडा..." आणि तिथंच मला सगळं आठवलं.

शालूनं मोबाईल काढला. बॅटरी तीन टक्के! ती भराभर बोट फिरवत शोधायला लागली. मामींनी डोळे मिटून हात जोडले. पडद्यावर रेल्वेची खिडकी आली, स्टीलचं झाकण आलं, मामींचा आवाज आला, "जवाई, दातानं नोका फोडू जी. हा घ्या गोटा, गोट्यानं फोडा." मग मोबाईलात मामींचा हात आला आणि त्या हातात तोच दगड! त्याच रेघा, तोच कोपरा उडालेला.

"गोटा!" गार्डसाहेब उभे राहिले. "बोलीं माताजी, गोटा बोलीं!"

इथं मोबाईल बंद पडला असता तर फार बरं झालं असतं. पण नाही! दोन टक्क्यांवरही तो इमानानं चालू राहिला. मोबाईलात मी मामींच्या हातून दगड घेतला, वर धरला आणि साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आता हा पाहा, हा नाल्यातला साधा गोटा. पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला. याच्यात आणि जीवाश्मात जमीन-अस्मानाचा फरक असतो. सामान्य माणूस फसतो. पण माझे डोळे बांधा, मी नुसत्या हातानं ओळखून दाखवीन!"

आणि मग बंद पडला.

गार्डसाहेब असे हसायला लागले, असे हसायला लागले, की मिशा दोन्ही हातांनी धरल्या. भोवतीचे प्रवासी हसले. मामी डोळे पुसत हसल्या. मामाजी हसले नाहीत. ते खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एक मोठा श्वास सोडला. मामींनी त्यांना पाण्याचा पेला दिला. तो त्यांनी घटाघटा पिऊन रिकामा केला तेव्हा मला कळलं, की एवढा वेळ पंचनाम्याच्या मापांत मन घालून हा माणूस आतून किती घाबरला होता. माझा जीव भांड्यात पडला. मी मामाजींच्या पायाच पडलो, तिथंच, वाळूत.

"उठा जवाईबापू," ते म्हणाले. "कागद अजून रजिस्टरात हाय."

खरंच की! पंचनामा फाडता येईल, पण तज्ज्ञाचं सहीनिशी मत रद्द कसं करणार? गार्डसाहेब विचारात पडले. मामाजी म्हणाले, "सीधा है. पहला कागद रद्द करने के लिए दूसरा कागद. मास्टरजी, लिखो."

आणि मामाजींनी सांगितलं ते मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मैं बाईस साल से भूगोल पढ़ाता हूँ. मुझे पत्थर की पहचान नहीं है.' खाली सही. आयुष्यात कुठलीही सही मी इतक्या आनंदानं केली नसेल! "गवाह?" असं गार्डसाहेबांनी म्हणायचा अवकाश, शालूनं माझ्या हातातून पेन हिसकून घेतलं.

निघताना गार्डसाहेबांनी गोटा मामींच्या हातात परत दिला. मामींनी फाटकाबाहेरच्या खेजडीच्या झाडाच्या बुडाशी तो ठेवला आणि हात जोडले.

"माताजी, इससे क्या होता है?"

"जंगलातून सारे सुखरूप बाहेर येते जी," मामी म्हणाल्या. "पन आत जाताना ठेवा लागते. जवाईनं ठेवू नाही देल्ला."

गार्डसाहेबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मीही दोन्ही हात जोडले, गोट्याला आणि त्यांना, एकदमच.

परतीच्या गाडीत मी खडकांबद्दल एक अक्षर बोललो नाही. चारोळ्या दातानं फोडल्या.

पुढच्या महिन्यात सालेकशाला गेलो तर मामाजी अंगणात वही घेऊन बसले होते. मी सहज डोकावलो. सगळ्यात शेवटच्या ओळीवरची शाई नवी होती. नाव माझं. गाव अर्जुनी मोरगाव. माल: गोटा, नग एक. आणि पुढं शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: आरोपीला समज देऊन सोडले. समज आली नाही.